चोवीस तास पाण्याचे दुष्परिणाम

गावाची खरी किंमत गावाबाहेर पडल्यावर कळते. जगन्नाथपुरीची यात्रा करून छत्रपती संभाजीनगरला परतल्यापासून मी ज्याला-त्याला हेच सांगत सुटलो आहे. आपल्या शहरात नळाला आठ दिवसांनी पाणी येते, काही वसाहतींत दहा-बारा दिवसांनी येते, आणि चांगली शिकलेली माणसेही चारचौघांत याबद्दल कुरकुर करतात. त्यांना मी दोष देत नाही. चोवीस तास पाणी असलेले शहर त्यांनी पाहिलेले नाही. मी पाहिले आहे, आणि जे पाहिले ते माझ्या नगरबांधवांपुढे ठेवणे हे मी कर्तव्य समजतो.

२६ जुलै २०२१ रोजी ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनाईक यांनी जाहीर केले, की पुरीत नळाचे पाणी थेट तोंडाला लावता येईल, दिवसाचे चोवीस तास, आणि असे हे देशातले पहिले शहर असेल. आता घोषणा झाली की तिथे थांबायचे असते, हा सार्वजनिक जीवनातला साधा संकेत. तो त्या राज्यात कोणाला ठाऊक नसावा, कारण पाणी खरोखरच आले. मला याहून वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. अडीच लाखांच्या आसपास वस्तीचे गाव, वर्षभर यात्रेकरूंची रीघ, रथयात्रेला तर पाय ठेवायला जागा नाही, आणि समुद्र असा दारात, की जमिनीतले पाणी केव्हाही खारे व्हावे. एवढ्या उत्तम सबबी हाताशी होत्या. एकही वापरली नाही. सबबींची इतकी नासाडी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

पहिल्याच रात्री धर्मशाळेत मला अडीच वाजता जाग आली. सवयच तशी. उठून नळ सोडला. पाणी आले. बंद केला, थोडा वेळ थांबून पुन्हा सोडला. पुन्हा आले, तितक्याच जोराने. शेजारच्या खोल्यांत कोणी उठलेले नव्हते, कुठे मोटार घरघरत नव्हती, कोणी बादली ओढत नव्हते, सारे गाव मुकाट झोपलेले. आपल्याकडे रात्री अडीचला गल्लीत जी जाग असते, जो जिव्हाळा असतो, त्याचा मागमूस नाही. मी बराच वेळ नळापाशी उभा राहिलो आणि शेवटी हंडाभर पाणी भरून ठेवले, तेव्हा कुठे झोप लागली.

सकाळी अंगणात एक बाई छोटी पेटी घेऊन आली. तिने नळाचे पाणी एका काचेच्या नळीत घेतले, त्यात कसले तरी दोन-तीन थेंब टाकले, नळी हलवली, उजेडाकडे धरून रंग पाहिला आणि वहीत काहीतरी टिपले. चौकशी केली तेव्हा कळले, की यांना तिथे जलसाथी म्हणतात. बचत गटातल्या बायका. घरोघर जायचे, पाणी तपासायचे, मीटरचे बिल द्यायचे, पैसे गोळा करायचे आणि वसुलीतला काही हिस्सा मेहनताना म्हणून घ्यायचा. म्हणजे आपल्या घरचे पाणी कसे आहे हे सांगायला तिऱ्हाईत बाई दारात येणार! आपल्याकडे ते प्रत्येक जण स्वतःच्या नाकाने ठरवतो. या बाबतीत आपला नागरिक पूर्ण स्वावलंबी आहे.

रस्त्यांवरही तीच कथा. प्रकल्प सुरू झाला तेव्हा गावात सुमारे ४०० ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या तोट्या बसवण्याचे ठरले होते, आणि बडदांडावर, म्हणजे रथ ज्या रुंद रस्त्याने ओढतात तिथे, यात्रेकरू ओंजळीने फुकट पाणी पिताना मी डोळ्यांनी पाहिले. जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारापुढे अरुणस्तंभ आहे. तो कोणार्कहून इथे आला तो मराठ्यांच्या अमलात, आणि हा अंमल नागपूरकर भोसल्यांचा, १७५१ पासून १८०३ पर्यंतचा. अर्धशतकाहून अधिक काळ आपली माणसे तिथे होती. तरी पाण्याच्या बाबतीत या लोकांनी आपल्याकडून काहीच उचलले नाही, याचे त्या स्तंभाखाली उभे असताना मला फार वैषम्य वाटले.

यात्रेकरूला वाटते, फुकट पाणी मिळाले, बरे झाले. पण ज्याला अर्थशास्त्राची थोडी जाण आहे त्याच्या पोटात गोळा येईल. आमच्या वसाहतीत सकाळी जारवाला येतो, दुपारी टँकरवाला. दर दोन-तीन महिन्यांनी टाकी धुणारा येतो, मोटार जळली की तिचे रिवाइंडिंग करणारा, आरओची मेणबत्ती बदलणारा, हौदाची गळती काढणारा गवंडी. उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरची गाडी येते आणि तिच्या आधी तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरणारा पाणाड्या येतो. एका नळाच्या न येण्यावर इतक्या घरच्या चुली पेटतात. पुरीत या सगळ्यांच्या पोटावर पाय आला असणार, पण देवाच्या गावात असले हिशेब कोण ठेवतो?

आणि केवळ रोजगाराचाच प्रश्न नाही. आपल्याकडे नागरिक घडतो. सिडकोत किंवा गारखेड्यात साधे दोन खोल्यांचे घर बांधणारा माणूस आधी हौद खणतो, मग घराचा पाया घेतो. खाली हौद, वर काळी टाकी, मधे मोटार, स्वयंपाकघरात गाळणयंत्र, अंगणात बोअर, आणि फोनमध्ये तीन टँकरवाल्यांचे नंबर. म्हणजे साठवण, उपसा, शुद्धीकरण आणि वितरण ही सारी खाती प्रत्येक कुटुंबाने आपल्या चार भिंतींत उभी केली आहेत. महानगरपालिका एक असते. आपल्याकडे जितकी घरे तितक्या पालिका आहेत. सत्तेचे विकेंद्रीकरण याहून कसले असते? पुरीच्या माणसाला तोटी फिरवण्यापलीकडे काहीच येत नाही. उद्या ती तोटी कोरडी पडली तर तो बिचारा काय करील, या विचाराने मला तिथे जेवण गेले नाही.

शहरातल्या सातारा-देवळाईकडे आणि गुंठेवारीतल्या वस्त्यांत तर ही घडण अधिक पक्की होते. तिथे नळाचीच भानगड नाही. घरासमोर ओळीने निळे ड्रम, ड्रमाला झाकण, झाकणाला कडी आणि कडीला कुलूप. सोने उघड्या कपाटात असते, किल्ली पाण्याची कमरेला असते. पंचमहाभूतांपैकी एकाला इतका मान देणारी दुसरी नागरी संस्कृती मला तरी माहीत नाही.

आता पाण्याच्या दिवसाविषयी. ज्या शहरात पाणी रोज येते तिथे पाण्याचा दिवस नसतो, ही गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. आपल्याकडे आदल्या संध्याकाळपासून वसाहतीच्या ग्रुपवर लगबग सुरू होते. ‘आज आहे का आपल्याला?’ ‘वरच्या गल्लीला सोडलं म्हणे.’ ‘लाईनमन फोन उचलेना.’ ‘काकू, तुमच्या पुतण्याला विचारा, त्याची ओळख आहे.’ पाहुण्यांचे येणे, कंदुरी, बारसे, गोधडी धुणे, सारे या दिवसाच्या मागेपुढे बेतले जाते. पंचांग मागून बघतात.

मग रात्री केव्हातरी, बहुधा दीड ते तीनच्या दरम्यान, नळाच्या तोंडातून हवा येते. तो फुत्कार ओळखायला कान तयार असावा लागतो. बाहेरगावच्या पाहुण्याला तो ऐकूही येत नाही. मग घशात काही अडकल्यासारखा गुळगुळ आवाज. मग गढूळ धार, पातळ चहासारखी, ती दहा-एक मिनिटे मोरीत सोडून द्यायची. तोवर गल्लीतल्या खिडक्या उजळलेल्या असतात. कोणीतरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडते आणि एकामागून एक मोटारी सुरू होतात. मोटार थेट नळाला लावणे नियमाविरुद्ध आहे. म्हणूनच ती सगळ्यांकडे आहे. एखाद्याकडेच असती तर अन्याय झाला असता. ज्याची मोटार एक अश्वशक्तीची त्याचा हौद आधी भरतो, अर्ध्या अश्वशक्तीवाला नंतर, आणि गल्लीच्या शेवटी राहणारी विधवा काकू पुढल्या आठवड्यात. नळ मात्र सगळ्यांना सारख्याच मापाचा दिलेला आहे, हे विसरता कामा नये.

बहुतेक घरांत हे जागरण बायका करतात आणि सकाळी पाणीप्रश्नावरची चर्चा पुरुष करतात. श्रमाची इतकी सुरेख वाटणी मोडून पुरीकरांनी काय मिळवले? तिथली बाई रात्रभर झोपते आणि सकाळी ताजीतवानी होऊन पेटी घेऊन दुसऱ्याच्या दारात पाणी तपासायला जाते.

एक गोष्ट परगावच्या माणसाला सांगितली की पटत नाही. पाणी येते त्या दिवशी आपण आधी हौदातले आणि पिंपातले उरलेले पाणी ओतून देतो, कारण ते शिळे झालेले असते. आठ दिवस थेंब-थेंब जपायचे, भांडी विसळलेल्या पाण्याने फरशी पुसायची, तेच पाणी तुळशीला घालायचे, आणि नवव्या दिवशी राहिलेल्या शंभर-दीडशे लिटरचे पिंप गटारात रिकामे करायचे. यातला त्याग पाहा. ज्यांच्याकडे रोज पाणी येते त्यांना पाणी शिळे होणे म्हणजे काय तेच कळत नाही. ते साठवतच नाहीत, मग ओतणार काय?

पाणीपुरवठ्यातले जाणकार याच मुद्द्यावर चोवीस तासांची बाजू मांडतात, तेव्हा त्यांचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. ते सांगतात, की पाइप रिकामा पडला की आत पोकळी होते आणि सांध्यांतल्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाइपात सतत दाब असला की बाहेरचे आत येऊ शकत नाही. शास्त्र म्हणून हे खरे असेल. पण पुरीच्या पाइपाचा हा स्वभाव मला जरा संकुचितच वाटला. आपला पाइप येईल त्याला सामावून घेतो. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड यांनी पुढे आपापले बघावे. आणि आठ दिवसांच्या साठवणीत ज्या डासांच्या पिढ्या वाढतात, त्यांतल्या डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठवलेले पाणीच लागते. म्हणजे आपले पाणी स्वच्छ असते, हे निदान त्या जाणकार जिवाने तरी मान्य केले आहे.

काही लोक म्हणतील, मराठवाडा दुष्काळी, पाणीच नाही तर येणार कुठून? असे म्हणणारे आपल्या शहराचे कर्तृत्व नाकारतात, आणि ते मी खपवून घेणार नाही. पाणी नसताना न देणे कोणालाही जमेल. पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथे जायकवाडी आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेले, १०२ टीएमसी साठवणारे, सत्तावीस दरवाजांचे. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ते असे भरले की दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागले. आपण सहकुटुंब ते पाहायला गेलो, दरवाजांसमोर उभे राहून तुषार अंगावर घेतले, फोटो काढले आणि घरी येऊन ग्रुपवर विचारले, ‘आज आहे का आपल्याला?’ भरल्या धरणाच्या कडेला कोरडा नळ राखून दाखवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्याला व्यवस्था लागते.

या जलाशयाचे नाव नाथसागर. पैठणच्या एकनाथांच्या घरी साक्षात श्रीकृष्णाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे या पंचक्रोशीत पाणी खांद्यावरून, दुसऱ्याकडून, दारात येऊन पडण्याची परंपरा किती जुनी आहे ते पाहा. आज तीच सेवा टँकरवाला करतो. फक्त तो पैसे घेतो, आणि बारा वर्षांनी अदृश्य होत नाही.

आपल्या परंपरेत एकच खंड पडला आणि तो मलिक अंबरने पाडला. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आपलेच हे शहर, वसवले आणि थोड्याच वर्षांत डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, खापराच्या नळांतून, मधे हवेचे बंबे ठेवून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. वीज नाही, पंप नाही, सल्लागार नाही, सुधारित अंदाजपत्रक नाही. पुढे अठराव्या शतकात त्याच धर्तीच्या नहरीवर पाणचक्की फिरली, आणि पाऊस बरा झाला की तिथे आजही धार पडते. पर्यटक तिकीट काढून ती पाहायला येतात. हबशी वजीर मोठा हुशार होता, यात शंका नाही, पण त्याच्यात दूरदृष्टी नव्हती. एकदाच पाणी आणून त्याने पुढच्या दोन-तीनशे वर्षांच्या पुढाऱ्यांना बोलायला काही ठेवले नाही. आपण तसे स्वार्थी नाही. आपला पाणीप्रश्न आपण जसाच्या तसा नातवंडांच्या स्वाधीन करणार आहोत. नहरींची खापरे मात्र आपण बहुतेक ठिकाणी घरांच्या पायाखाली घातली, म्हणजे पुन्हा कोणी मोह धरू नये.

आधुनिक काळात आपण किती सावधपणे पावले टाकली, हेही नोंदवले पाहिजे. आधी ‘समांतर’ आली. समांतर जलवाहिनीसाठी २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा एका खासगी कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये करार रद्द करून परत आला. रुळांप्रमाणे समांतर असलेल्या गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत, हे भूमितीला धरूनच झाले. मग १२ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. किंमत १,६८० कोटी. पुढे ती २,७४० कोटींवर गेली. टीकाकार याला वाढीव खर्च म्हणतात. मी याला मूल्यवृद्धी म्हणतो. ज्या मालमत्तेची किंमत न वापरताच काही वर्षांत हजार कोटींनी वाढते, ती घाईने वापरात आणून तिचा घसारा सुरू करावा, असा सल्ला कोणताही सनदी लेखापाल देणार नाही. पैठण रस्त्याच्या कडेला तिचे पाइप पडलेले असताना मी मुद्दाम थांबून पाहिले होते. अडीच हजार मिलिमीटर व्यास. सहा फुटी माणूस हात वर करून आत चालत जाईल. पाणी यायचे तेव्हा येईल. तोवर गुराख्यांची पोरे आणि शेळ्या उन्हाची आत बसायची. योजनेचा पहिला लाभार्थी कोण, हा प्रश्न निदान सुटला.

पाणीपट्टीचा निर्णय तर नागरी प्रशासनाच्या अभ्यासक्रमात लावावा असा. नळाला पाणी येत नाही, अशी ओरड २०२२ च्या उन्हाळ्यात शिगेला पोचली, तेव्हा वर्षाला ४,०५० रुपये असलेली पाणीपट्टी २,०२५ करण्यात आली. पाणी वाढवणे अवघड होते, म्हणून तक्रारीचा भाव निम्मा केला. याच न्यायाने ती शून्यावर आणली असती तर पाणीप्रश्न त्याच दिवशी कायमचा मिटला असता. पण आपल्याकडे चांगल्या कल्पना अर्ध्यावर सोडायची खोड आहे.

त्याच उन्हाळ्यात, २३ मे रोजी, तेव्हाच्या विरोधी पक्षाने देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली पाण्यासाठी मोठा मोर्चा काढला. रिकामे हंडे आणि घागरी खांद्यांवर होत्या, गर्दी प्रचंड. जूनच्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांनी याच शहरात सभा घेऊन त्याच पाण्यावर उत्तर दिले. महिना संपायच्या आत सरकार बदलले. मोर्चेकरी सत्तेत गेले, सत्तेतले मोर्चाला मोकळे झाले. पाणी मात्र कोणत्याच पक्षात गेले नाही. पक्षांतराच्या या दिवसांत एवढी निष्ठा कोण दाखवतो?

नावाच्या बाबतीतही शहर कधी कोरडे राहिलेले नाही. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. छत्रपतींचे नाव मिळाले ही अभिमानाचीच गोष्ट. आता त्या नावाला शोभेल असे पाणीही द्या, असे म्हणणारे उतावीळ लोक आहेत. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, रेल्वे स्थानकाचे नाव बदलले. एका पिढीने किती करायचे?

जायकवाडी धरणाचेच पाणी औद्योगिक वसाहतींना वेगळ्या वाहिनीने जाते आणि तिथे ते वेळच्या वेळी जाते. वाळूज, चिकलठाणा भागातल्या बिअरच्या कारखान्यांना त्याचा मोठा आधार. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी पन्नास आणि मग साठ टक्के कपात करायला लावली, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. महसुलाचे काय, रोजगाराचे काय, असे लोक कळवळून विचारत होते. दिवसांनी मोजून पाणी मिळणाऱ्या माणसासाठी एवढी खळबळ उडाल्याचे मला आठवत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण आठवडाभर तहान सोसतो म्हणून देशात कोणीतरी थंडगार घोट घेतो. हा परोपकार आपण आजवर बोलूनही दाखवलेला नाही.

पुरीत मला एक गोष्ट कळली, ती या साऱ्यावर कळस ठरावी. ज्येष्ठ पौर्णिमेला तिथे जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना बाहेर काढून विहिरीच्या १०८ घड्यांनी स्नान घालतात. एवढ्या पाण्याने देवांना ताप भरतो. मग पंधरा दिवस दर्शन बंद, काढे, पथ्य. आता तुम्हीच विचार करा. १०८ घड्यांनी जिथे त्रैलोक्याच्या नाथाला अंथरूण धरावे लागते, तिथे चोवीस तास नळ सोडून प्रजेचे काय होत असेल? आपल्या शहरात १०८ घडे हा एका वाड्याचा आठवड्याचा कोटा आहे, आणि या कारणाने आजारी पडलेला एकही माणूस घाटी रुग्णालयाच्या नोंदीत सापडणार नाही.

मला सर्वांत धास्ती वाटते ती पुरीची नाही. ती लांब आहे, भाषा वेगळी, मनमाडला गाडी बदलून दोन रात्रींचा प्रवास. धास्ती आहे ती घरातल्या फितुरीची. कराडजवळच्या मलकापूरने, म्हणजे आपल्याच राज्यातल्या एका लहान गावाने, पंधराहून अधिक वर्षांपूर्वी प्रत्येक नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केले. जास्त वापरेल त्याला जास्त दर लावला. पाणी सतत मिळायला लागल्यावर लोक ते साठवेनासे झाले, ओतून देईनासे झाले, आणि रोजचा वापर वाढायच्या ऐवजी आटोक्यात आला. अशी उदाहरणे पसरू दिली, तर उद्या आपल्याकडेही कोणी मीटर वाचायला दारात उभे राहील. आज आपण वर्षाचे ठोक पैसे भरतो, किंवा भरत नाही, आणि दोन्ही बाजूंना कोणी हिशेब विचारत नाही. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला इतके मोकळे ठेवणारा करार मोडायची घाई का?

नवी योजना पूर्णत्वाच्या दिशेने निघाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मुदती आजवर इतक्या वेळा पुढे गेल्या आहेत, की घाबरून जायचे कारण नाही; पण दक्ष राहायला हवे. म्हणून आमच्या वसाहतीच्या वतीने मी एक निवेदन तयार केले आहे. मागण्या माफक आहेत. चोवीस तास पाणी द्यायचेच झाले, तर ते आधी पाच वर्षे प्रायोगिक तत्त्वावर इतर प्रभागांत द्यावे. हौद, मोटार आणि टाकी यांवर ज्या कुटुंबांनी पदरमोड केली त्यांना नुकसानभरपाई मिळावी, आणि ज्यांची मोटार एक अश्वशक्तीहून अधिक आहे त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेचा वेगळा विचार व्हावा. लाईनमनचे पद रद्द करू नये. निवडणूक न लढवता लोकांच्या मनात स्थान मिळवलेला तो शहरातला एकमेव माणूस आहे. आणि पाणी कधीही आले, तरी आठवड्यातून एक रात्र दीड ते तीन या वेळात ते बंद ठेवून हवा सोडावी, म्हणजे नव्या पिढीच्या कानाला तो फुत्कार ओळखता येत राहील.

सह्या गोळा करणे सुरू आहे. ज्यांना करायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर कधीही घरी यावे, चहा होईल. फक्त आमचा पाण्याचा दिवस सोडून यावे. तो कोणता, हे आदल्या रात्री लाईनमनने फोन उचलला तर ग्रुपवर टाकतो.